घरापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता मालकाच्या माथी का?

शिरोलीकर:
माझे शिरोली एमआयडीसीत सात कामगारांचे मशीन शॉप आहे. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. तो मृत्यू ‘नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात’ झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने 29 जुलै 2025 रोजी ठरवले. रस्त्यावरचा खड्डा मी पाडलेला नाही, समोरून येणारा डंपरही माझा नाही; मग घरच्या वाटेवरचा अपघात नोकरीतलाच, हे गृहीतक तेवढे माझ्याविरुद्ध का? चाळीस वर्षांचा कामगार गेला, तर 15,000 रुपये वेतनाचे निम्मे गुणिले वयानुसार ठरलेला आकडा 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये होतात. एवढी रक्कम महिनाभरात उभी करणारा लघुउद्योजक मला दाखवा. कामगार सांगेल ते खरे धरायचे आणि मालकाने ते खोटे ठरवत बसायचे, हा न्याय नव्हे.

साताऱ्याचा वकील:
तुमचे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाकडून देवविणाऱ्या 1923 च्या भरपाई कायद्यात (2025 साली त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) कामगार सांगेल ते खरे धरण्याची तरतूदच नव्हती. नोकरीच्या ओघात झालेला अपघात, विरुद्ध पुरावा नसेल तर, नोकरीमुळेच झाला असे धरावे, हे गृहीतक ईएसआय (कामगार राज्य विमा) कायद्याच्या 51अ कलमात होते. भरपाई कायद्यात गृहीतक होते ते तिसऱ्या अनुसूचीतील व्यवसायजन्य रोगांपुरते, आणि तिथेही ‘ब’ भागातल्या रोगासाठी सलग सहा महिन्यांची नोकरी आधी दाखवावी लागे. अपघाताच्या बाबतीत शाबितीचा भार आजही कामगारावर किंवा त्याच्या वारसांवरच आहे. 1961 साली भर समुद्रात जहाजावरून रात्रीतून नाहीसा झालेल्या खलाशाचे कुटुंब मॅकिनन मॅकेन्झी खटल्यात सर्वोच्च न्यायालयात हरले, कारण तो पाण्यात कसा पडला हे सांगणारा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. जहाज कंपनीचे, साक्षीदार कंपनीचे आणि पुरावा मात्र खलाशाच्या घरच्यांनी आणायचा, हा कायदा कामगाराकडे झुकलेला होता असे तुम्हांला वाटते का?

रस्त्याचेही तसेच. 1957 साली जोगेश्वरी डेपोतली ड्यूटी संपवून बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी निघालेल्या ड्रायव्हरच्या विधवेला भरपाई मिळाली, कारण बसने मोफत जाण्याचा त्याचा हक्क नोकरीचाच भाग मानला गेला. उलट सायकलवरून कामाला येताना कारखान्यापासून किलोमीटरभर अंतरावर जखमी झालेला फ्रान्सिस डिकोस्टा खटल्यातला कामगार 1996 साली हरला. संसदेने 2010 साली ईएसआय कायद्यात घर ते काम या प्रवासातला अपघात नोकरीतलाच मानणारे 51इ कलम घातले आणि धाराशिवच्या निकालाने तेच तत्त्व भरपाई कायद्याला लावले. तेही सरसकट लावलेले नाही. अपघाताची परिस्थिती, वेळ आणि ठिकाण यांचा नोकरीशी संबंध दाखवावाच लागतो. त्या रखवालदाराच्या घरच्यांना भरपाई आयुक्तांनी 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज मंजूर केले होते, उच्च न्यायालयाने ते 2011 साली रद्द केले आणि परत मिळेपर्यंत अपघाताला 22 वर्षे झाली. यात मालकावर अन्याय कुठे झाला, ते कृपया दाखवा.

शिरोलीकर:
वकीलसाहेब, तुम्ही निकाल वाचता आणि मी तारखांना जातो. माझा एक कामगार संध्याकाळी सहाला सुटला, सासुरवाडीला जेवला आणि रात्री साडेनऊला घरी परतताना दुभाजकाला धडकला. पाय मोडला. मी स्वतः दवाखान्याचे 40,000 रुपये भरले आणि पुढे तीच पावती मी जबाबदारी मान्य केल्याचा पुरावा म्हणून माझ्याविरुद्ध पुढे आली. चार वर्षे हेलपाटे घातल्यावर दावा फेटाळला गेला. माणुसकी दाखवली की ती अंगावर येते, हे मी त्या चार वर्षांत शिकलो.

साताऱ्याचा वकील:
दावा फेटाळला गेला, म्हणजे वेळ आणि ठिकाण यांची कसोटी तुमच्याच कामी आली. तुम्हांला झालेला मनस्ताप खरा आहे, त्याबद्दल माझे दुमत नाही.

विमा विभागात 19 वर्षे:
दोघेही एक बाजू विसरत आहात. प्रवास आणि आजार यांचा संबंध असा सैल धरत गेल्यास प्रत्येक हृदयविकार कामाच्या खात्यावर पडेल. दिल्लीहून निमियाघाटपर्यंत 1,152 किलोमीटर ट्रक चालवून मेलेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ताणाचा संबंध मान्य केला, ते मला पटते. पण ट्रकवरच्या क्लीनरच्या खटल्यात 2006 साली त्याच न्यायालयाने ताणाचा पुरावा मागितला होता, आणि तो मागणे योग्यच होते. प्रीमियम शेवटी शिरोलीकरांसारखेच भरतात.

करवीरची लेक:
पुरावा, पुरावा असे सगळे म्हणत आहात, म्हणून माझ्या वडिलांचे सांगते. पॉवर प्रेसवर त्यांची उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकाचा माणूस त्यांना दवाखान्यात घेऊन गेला आणि केस पेपरवर त्यानेच सांगून लिहून घेतले, ‘घरी कडबाकुट्टीत हात गेला’. आमच्या घरी तेव्हा जनावर नव्हते, कडबाकुट्टी कुठली असणार! वडील गुंगीत होते, आईला वाचता येत नव्हते. पुढे सुनावणीत त्या एका ओळीने सगळे बुडवले. विरुद्ध पुरावा नसेल तर, असे वकीलसाहेब वर म्हणाले. विरुद्ध पुरावा मालकच तयार करत असेल, तर तुमच्या गृहीतकाचा उपयोग काय?

शिरोलीकर:
ताई, असे करणारे आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्यांच्यासाठी सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

आष्टीची:
ज्या निकालावर वाद चालला आहे तो साखर कारखान्याचा आहे, आणि कारखान्याच्या पटावर असलेल्या रखवालदाराचा आहे. त्याच कारखान्यांना ऊस घालणाऱ्या तोडणी मजुराचा विषय कोणीच काढला नाही. माझा चुलता आणि चुलती मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मध्यरात्री फडातून कारखान्याकडे जाताना टायरगाडी उलटली आणि चुलता उसाखाली गेला. तेराव्याला टोळीचा मुकादम आला, तो उचलीतले, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशातले, किती फिटले आणि किती राहिले याचा हिशोब घेऊन. कारखाना म्हणाला, आमचा मजूर नाही. मुकादम म्हणाला, मीच मजूर. मालक कोण हेच ठरत नसेल, तर अपघात नोकरीत झाला की नाही हा प्रश्न आमच्यापर्यंत येतच नाही.

शेतकी विभाग:
मी एका कारखान्याच्या शेतकी विभागात आहे. आमचा करार वाहतूकदाराशी असतो, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा टोळीशी. ऊस शेतकऱ्याचा, रान शेतकऱ्याचे आणि तोडणी-वाहतूक त्याच्याच बिलातून कापली जाते. कारखान्याला मालक ठरवणे म्हणजे बिनबुडाचा आरोप आहे.

आष्टीची:
आज कोणती टोळी कोणत्या फडात उतरणार, हे तोडणीची चिठ्ठी देणारा तुमचा चिटबॉय ठरवतो की शेतकरी? पाचट राहिले म्हणून वजनात कपात कोण करते? पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, टोळीला गावी जाऊ कोण देत नाही? हुकूम तुमचा आणि मेलेला माणूस कोणाचाच नाही, हे बोलताना तुम्हांला काहीच कसे वाटत नाही?

साताऱ्याचा वकील:
ताईंचा मुद्दा कायद्याला धरून आहे. भरपाई कायद्याचे 12 वे कलम याचसाठी होते की नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करून घेतले, तरी मूळ धनी जबाबदार राहावा आणि त्याने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावे. मात्र त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात अडचण होती. अपघात धन्याने काम हाती घेतलेल्या किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेत अथवा तिच्या आसपास झालेला असावा लागे. फड ही कारखान्याने काम घेतलेली जागा आहे, असे मी मांडेन. टायरगाडी मधल्या रस्त्यावर उलटली असेल, तर वाट अवघड आहे. माझ्या मते खरे गृहीतक इथे हवे: ज्याच्या चिठ्ठीवर तोडणी झाली, तो उलट सिद्ध करेपर्यंत मालक.

शेतकी विभाग:
मग सगळा भार कारखान्यावर येईल आणि तो शेवटी ऊसदरातूनच जाईल. शेतकऱ्यालाही विचारा.

आष्टीची:
आजवर तो भार माझी चुलती वाहते आहे. तिला कोणी विचारले होते?

शिरोलीकर:
माझा मूळ प्रश्न बाजूला पडला, पण हे वाचल्यावर तो पुन्हा रेटणे बरे वाटत नाही. माझ्याकडे निदान हजेरीपट आहे. घरच्या वाटेवरची जबाबदारी एकट्या लहान मालकावर नको, हे मत मी सोडलेले नाही. पण सात कामगारांना ईएसआय लागत नाही म्हणून मी पॉलिसी टाळत होतो, ती या महिन्यात काढतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यातही घर ते काम हा प्रवास लिहिलेला आहे, हे मला आमच्या सीएंकडून कळले.

साताऱ्याचा वकील:
पाळी सुरू होण्याची आणि सुटण्याची वेळ रोज सहीसह लिहा. पुढे तोच कागद दोघांच्या उपयोगी पडेल.

आष्टीची:
आमच्या हातात असा कोणता कागद असतो? तोडणीची चिठ्ठी गाडीवानाबरोबर काट्यावर जाते आणि तिथेच जमा होते.

साताऱ्याचा वकील:
गाडी फडातून हलण्यापूर्वी त्या चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढायला सांगा. त्यात तारीख, गट नंबर आणि टोळीचा कोड स्पष्ट दिसला पाहिजे. टोळीतल्या एका तरी मुलीला ते काम नेमून द्या आणि रोजचा फोटो गावी घरच्यांना पाठवायला लावा.