मदत हवी आहे: बंद पडलेल्या खडीच्या खदानीचं काय करावं?

नमस्कार मंडळी. आमच्या शिवाराला लागून असलेली खडीची खदान गेल्या वर्षी बंद झाली. क्रशर उचलून नेला, मागे दोनेक एकरांचा खड्डा राहिला. कडा सरळ तुटलेल्या, खाली हिरवट पाणी. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांची म्हैस आत पडली, जेसीबीने पट्टा बांधून काढावी लागली. पोरं पोहायला जातात त्याची धास्ती वेगळीच. ना कुंपण, ना पाटी.

२०१२ च्या दीपक कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजांच्या (खडी, वाळू, मुरूम वगैरे) खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, एवढं वाचलंय. मग या खदानीच्या मंजुरीत जमीन पूर्ववत करायची अट असेलच ना? तो कागद माहितीच्या अधिकारात नेमका कुणाकडे मागायचा, तहसीलला की जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे? अर्जात काय शब्द घालायचे?

दुसरं, कुणी प्रत्यक्ष हे काम केलंय का? कडेला वरच्या मातीचा ढीग तसाच पडलाय, त्यावर घाणेरी माजलीय. आमच्यातले काही म्हणतात खड्डा बुजवा. मला ते पटत नाही, एवढं भरण आणायचं कुठून? शहरातला राडारोडा तर अजिबात नको, विहिरी जवळ आहेत. त्यापेक्षा कडा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत्या करून पाणी ठेवावं आणि वर मुरमात करंज, सीताफळ लावावं असं वाटतं. काळ्या पाषाणाच्या तळात पाणी मार्चपर्यंत टिकतं का? अनुभव असेल त्यांनी सांगा, फोटो असतील तर फारच बरं.