शब्दचर्चा : सरंजाम

डिचोलीहून : चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर फळंफुलं बांधतात त्या चौकटीचं) सामान घरात आलं की आमच्याकडे 'केवढा हा सरंजाम!' म्हणतात. 'सरंजामशाही'तला सरंजाम तोच का?

फोंड्याहून : तोच. फारसीत त्याचा एक अर्थ तयारी, सिद्धता. मराठेशाहीत सरदाराने फौज बाळगायची आणि तिच्या खर्चासाठी त्याला काही गावांचा वसूल लावून द्यायचा, तो सरंजाम. गावं राज्याचीच. (पुढे तो बापाकडून मुलाकडे जाऊ लागला, ती गोष्ट निराळी.)

हा अर्थ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही कामाला आला. 1779 च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणकडच्या गावांतून सालीना 12,000 रुपयांचं उत्पन्न कबूल केलं, 1783 आणि 1785 मध्ये सनदा दिल्या. हेच दादरा आणि नगरहवेली. 1954 साली ही गावं पोर्तुगीजांच्या हातून गेली. प्रदेश आमचा, तेव्हा दमणहून तिथे जायला भारताने वाट द्यावी, असा दावा पोर्तुगालने 1955 मध्ये लावला. 1960 च्या निकालात न्यायालयाने सनदांतले शब्द पाहून सांगितलं : दिली ती वसुलाची जहागीर, म्हणजे सरंजाम. सार्वभौमत्व नव्हे.

डिचोलीहून : मग दावा तिथेच संपला की!

फोंड्याहून : छे. त्याच निकालात पुढे म्हटलंय की इंग्रजांनी आपल्या वागण्यातून तिथली पोर्तुगीज सत्ता मानली आणि नंतर भारतानेही ती मुकाट्याने चालू दिली. पेशव्यांनी जे दिलं नव्हतं ते असं पदरात पडलं. म्हणून खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क मिळाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नाही. 1954 मध्ये वाट अडवली त्यात मात्र भारताची कसूर धरली नाही.

शेजारी देशाने वादग्रस्त बेटावर काही बांधलं की आजही लगेच निषेधाचा खलिता जातो. त्याने एक वीटही हलत नाही, म्हणून लोक हसतात. मला ते हसणं पटत नाही. उद्या कोर्टात 'तेव्हा गप्प का होता?' असं विचारलं तर दाखवायला तेवढाच कागद असतो.

साखळीहून : मग सरंजाम आणि इनाम यांत फरक काय?

फोंड्याहून : सरंजाम चाकरीला बांधलेला, सरकार तो परत घेऊ शकतं. इनाम बहुधा कायमचं, पिढ्यान् पिढ्या चालणारं. देवस्थान इनामांचं विचारत असाल तर वेगळा धागा काढा, तो विषय इथे मावायचा नाही.