चट्ट्याशेजारी गोंदलेलं नाव: केस प्रेझेंटेशनसाठी मदत हवी आहे

त्वचारोग विभागात पीजी करतोय. पुढच्या आठवड्यात कुष्ठरोगाची केस मांडायची आहे. बाहेरच्या कॉलेजांचे विद्यार्थीही असतील, शिवाय रेकॉर्डिंग होणार.

पेशंट मावशींच्या हातावरच्या चट्ट्याच्या कडेलाच नवऱ्याचं नाव गोंदलेलं आहे. नाव जाईल असा फोटो क्रॉप केला तर कड जाते, आणि शिकवायची आहे ती कडच.

नाव, गाव, केसपेपर नंबर काढलाय. वयाऐवजी 'चाळिशीतली महिला'. चेहरा कुठेच नाही. पॉवरपॉइंटमध्ये नुसतं क्रॉप केलं तर कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो, हे (उशिरा!) कळल्यावर तोही डिलीट केला.

संमतीचा अंगठा घेतलेला आहे, पण उपचारांच्या फॉर्मवर. फोटोला फक्त तोंडी 'घ्या की'. रेकॉर्डिंगचं तेव्हा ठरलंच नव्हतं. फोन करता येत नाही. तो नवऱ्याकडे असतो आणि घरी आजार माहीत नाही. एमडीटीचं (कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांचं) पुढचं पाकीट न्यायला त्या प्रेझेंटेशननंतरच येतील. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत ओळख उघड होत नसेल तर संमती लागत नाही असं आहे, पण ते नियतकालिकांत छापण्याबद्दल.

गोंदण ब्लर करून तसं स्लाइडवर लिहिलं तर पुरे, की लेखी संमती मिळेपर्यंत फोटोऐवजी हाताने काढलेली आकृतीच दाखवावी?