मदत हवी आहे: बाबांना रेडिएशनच्या मास्कची भीती वाटतेय

नमस्कार,

बाबांच्या (वय ६४) जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं. जखम भरत आलीय, थोडं अडखळत का होईना, बोलतात. आता रेडिएशन द्यायचं आहे. ३० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. गुरुवारी सिम्युलेशनला (उपचाराआधीच्या तयारीला) बोलावलंय. त्या दिवशी, डोकं हलू नये म्हणून टेबलाला अडकवतात तो चेहऱ्याचा मास्क बनवणार हे कळल्यापासून त्यांची झोप उडाली आहे.

बारा वर्षांपूर्वी ते लिफ्टमध्ये अडकले होते. चाळीस मिनिटं, अंधारात. तेव्हापासून बाथरूमचं दारसुद्धा नुसतं लोटून घेतात, कडी लावत नाहीत. मास्कचा फोटो बघून म्हणाले, "ऑपरेशनच्या वेळी भूल तरी होती. हे जागेपणी कसं सोसू?" काल तर "मला लाईट (रेडिएशन) नकोच" इथपर्यंत गोष्ट आली.

मास्क बांधल्यावर श्वास नीट घेता येतो का? मध्येच घाबरले तर बाहेर कोणाला कळतं का? गेल्या आठवड्यात दोन दाढा काढायला लावल्या, त्या दुखतही नव्हत्या. बाबांना वाटतं, उगाच काढल्या. आणि माझी चार वर्षांची मुलगी सतत आजोबांच्या मांडीवर असते, तिला लांब ठेवायचं का? एका नातेवाइकांनी "शेक देतात म्हणजे भाजणारच" असं सांगून आणखी घाबरवलंय.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा. मी वाचून दाखवणार आहे त्यांना.

प्रतिसाद: पाऊलवाट

ताई, मी घशासाठी ३५ सिटिंग घेतल्यात. बाबांना सांगा, मलाही पहिल्या दिवशी छातीत धडधडत होतं.

मास्क म्हणजे प्लॅस्टिकची जाळी असते. गरम पाण्यात टाकून मऊ करतात आणि चेहऱ्यावर ओढून टेबलाला दोन्ही बाजूंनी अडकवतात. गरम ओला टॉवेल तोंडावर घेतल्यासारखं वाटतं. मग काही मिनिटांत ती गार होत घट्ट होते. सगळीकडे भोकं असतात, नाकाने, तोंडाने श्वास व्यवस्थित घेता येतो. अडचण श्वासाची नाहीच, हलता येत नाही याची आहे. मी एक केलं: जाळी जवळ यायच्या आधीच डोळे मिटायचे आणि सुटेपर्यंत उघडायचे नाहीत. जाळी डोळ्यांसमोर खाली येताना बघितली की जीव घाबरतो.

दाढी-मिशीचं गुरुवारी जे ठेवाल तेच शेवटपर्यंत ठेवा. नंतर वाढवली किंवा काढली तर मास्क नीट बसत नाही.

प्रत्यक्ष सिटिंगला काहीही दुखत नाही, गरमही लागत नाही. मशीन अंगाला न शिवता भोवती फिरतं. आवाजावरून ते कुठे पोचलं हे मला कळायला लागलं होतं. मास्कमध्ये रोज दहा-पंधरा मिनिटं जायची, त्यातली किरणांची थोडीच.

प्रतिसाद: लिनॅकवाली

मी रेडिएशनच्या मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट आहे. कृपया लिफ्टची गोष्ट आम्हाला गुरुवारी आत जायच्या आधी सांगा. पेशंट लाजतात, सांगत नाहीत, आणि मग टेबलावर घाबरतात. माहीत असेल तर मास्क आधी हातात देता येतो, हळूहळू तयारी करून घेता येते. काही ठिकाणी डोळ्यांपुरता भाग मोकळा ठेवलेला मास्क मिळतो, तो चालेल का ते विचारा. फारच घाबरत असतील तर डॉक्टर आधी घ्यायला सौम्य गोळी देतात. मग त्या दिवशी सोबत कोणीतरी हवंच.

किरण चालू असताना आम्ही खोलीबाहेर असतो, पण कॅमेऱ्यावर सतत बघत असतो आणि माइकवर बोलताही येतं. बाबांनी हात वर केला की आम्ही मशीन थांबवतो, आत येऊन काही सेकंदांत मास्क काढतो. उरलेला डोस नंतर तिथूनच पुढे देता येतो, काही वाया जात नाही. गुरुवारी फक्त मास्क आणि सीटी स्कॅन होईल. त्यावर डॉक्टर आणि फिजिसिस्ट (किरणांचा हिशेब करणारे तज्ज्ञ) प्लॅन बनवतात, त्याला काही दिवस लागतात. लाळग्रंथी, मज्जारज्जू असं जे वाचवायचं ते मिलिमीटरमध्ये मोजून वाचवायचं असतं, म्हणूनच डोकं रोज त्याच जागी हवं.

दाढा उगाच काढलेल्या नाहीत. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा दात काढला तर जखम न भरण्याचा, हाड मरण्याचा धोका असतो. शिवाय लाळ कमी झाल्याने दात लवकर किडतात.

नातीला खुशाल मांडीवर बसू द्या. बाहेरून दिलेल्या रेडिएशनचं मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. शरीराच्या आत किरणोत्सर्गी औषध किंवा बियांएवढे किरणोत्सर्गी कण ठेवतात त्या उपचारांचे नियम वेगळे, ते इथे लागू नाहीत.

प्रतिसाद: रातराणी

मास्कमधून बाबा पार पडतील. मला काळजी त्यापुढची वाटते, म्हणून आधीच सांगते. माझ्या आईचे पहिले दोन आठवडे इतके बरे गेले की आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं, लाळ चिकट झाली, चव गेली. सगळ्यात वाईट दिवस आले ते शेवटचं सिटिंग झाल्यानंतर, दोनेक आठवडे. संपलं म्हणून आम्ही सुटकेचा श्वास घेतला आणि त्याच आठवड्यात तिला पाणी गिळवेना. हे आधी कोणी सांगितलं असतं तर एवढा धसका घेतला नसता.

वजन दर आठवड्याला बघा. घटलं तर मास्क सैल होतो, पुन्हा बनवावा लागतो. खाणं जमेनासं झालं आणि नाकातून नळी घालायची वेळ आली तर हरलो असं समजू नका. मिठाच्या-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या आणि गिळण्याचे व्यायाम दुखायला लागायच्या आधीच सुरू करा. मानेला डॉक्टरांना न विचारता काही चोळू नका. आणि कंटाळून सिटिंग चुकवू देऊ नका, खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला वेळ मिळतो.

धागाकर्ती (शुक्रवारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल झालं. लिफ्टची गोष्ट मी आत जायच्या आधी सांगितली. त्यांनी दुसऱ्या कोणाचा वापरून झालेला मास्क बाबांच्या हातात दिला. बाबांनी त्याच्या भोकांतून बोटं घालून पाहिली, तोंडासमोर धरून फुंकर मारून पाहिली. पहिल्यांदा अर्ध्या मिनिटात हात वर केला. खरंच लगेच काढला. "काढतात हं," असं मला म्हणाले आणि दुसऱ्यांदा पूर्ण वेळ पडून राहिले. डोळे आधीच मिटले होते. किरणांची जागा जुळवायच्या खुणा मास्कवरच केल्यात, चेहऱ्यावर नाहीत.

पहिलं सिटिंग पुढच्या गुरुवारी. बाबांनी विचारलंय, आत गाणी लावतात का?

प्रतिसाद: लिनॅकवाली

सांगितलं तर बरेच जण लावतात. यादी पहिल्याच दिवशी देऊन ठेवा. पहिल्या दिवशी मशीनवरच एक्स-रेसारखे फोटो काढून जागा पडताळतात, वेळ जास्त लागतो, तेव्हा दोन-तीन गाणी जास्तीची द्या.