गोव्याचं इन्क्विझिशन आणि कोकणातलं क्वारंटाइन: तुलना टिकते का?

खाडीकाठ: माझ्या मते टिकते. १५६०ला पोर्तुगिजांनी सुरू केलेलं ते धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, मधली चार वर्षं सोडली तर १८१२पर्यंत चाललं. चुगली कोणी केली हे आरोपीला सांगत नसत. १७३६च्या फर्मानात तर बाटलेल्यांच्या दारची तुळस, बिनमिठाचा भातसुद्धा गुन्हा! २०२०च्या कोरोनातल्या गणपतीत काय वेगळं होतं? घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा, मंडळाच्या चार. चाकरमान्यांनी १२ ऑगस्टच्या आत यायचं, दहा दिवस विलगीकरण, उशीर झाला तर स्वॅब. मुंबईची गाडी दारात लागली की शेजारीच सरपंचाला फोन लावत.

अंत्रुजकर: अहो, १२ आणि १० मिळून २२, आणि चतुर्थी २२लाच होती. म्हणजे माणूस आरतीला मोकळा व्हावा म्हणूनच ती तारीख. मूर्तीची उंचीही गर्दी टाळायलाच: मोठी मूर्ती उचलायला माणसंही जास्त लागतात. उलट पोर्तुगिजांच्या भयाने कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. साडेचारशे वर्षं झाली, देव तिथेच आहेत.

बंदरवाला: एवढं मागे कशाला जाता? १८९७चा साथरोग कायदा बघा, २०२०त तोच वापरला. मुळात जेमतेम चार कलमं. तिसऱ्यात शिक्षा, तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम १८८ची. चौथ्यात सद्हेतूने वागलेल्या अधिकाऱ्यावर दावा नाही. अपिलाचं नाव नाही. प्लेगात पुण्यात याच्याच जोरावर सोजीर घरात शिरले. त्यातही १८८ची नुसती एफआयआर पुरत नसे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५प्रमाणे ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याची (किंवा त्याच्या वरिष्ठाची) लेखी तक्रार कोर्टात जावी लागे. तिथेच केस लंगडी पडे.

खाडीकाठ: आणि तबलिगी जमातचे मुस्लिम धर्मप्रचारक? परदेशी तबलिगींवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२०ला रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं असंही सुनावलं. रोगाच्या आडून धर्मच हुडकला ना?

अंत्रुजकर: तिथे धर्म हुडकला, मान्य. पण रद्द झाले ना? इन्क्विझिशनच्या वर लिस्बनचं मंडळ, तेही इन्क्विझिशनचंच. दाद मागणार कुठे?

बंदरवाला: रद्द व्हायला आधी कागद लागतो. वाडीच्या तोंडावर बांबू आडवा टाकून माणसं परत धाडली, त्याला ना लेखी आदेश, ना जावक क्रमांक. कोर्टापुढे ठेवणार काय, बांबू?