१६ संघ, २ मैदानं, ३ दिवस : गेलिक फुटबॉलची रचना आपल्या कबड्डीला बसेल का?

पलूसचा_चढाईपटू

नमस्कार मंडळी. पलूस, तासगाव, खानापूर, जत अशा तालुक्यांतल्या १६ गावसंघांची पुरुष कबड्डी स्पर्धा जानेवारीत घ्यायचं ठरतंय. शुक्रवार ते रविवार, दोन मैदानं शेजारी शेजारी, रात्री दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद.

अडचण रचनेची आहे. १६ पैकी चार संघ बाकीच्यांपेक्षा फार पुढे आहेत. थेट बाद पद्धत ठेवली तर १५ सामन्यांत काम होतं, पण जतकडचा संघ गाडी करून येणार, पहिल्याच चिठ्ठीत बलाढ्य संघ लागणार आणि ४० मिनिटं खेळून परत जाणार. पुढच्या वर्षी तो संघ नोंदणीच करत नाही. चार-चारचे गट पाडले तर सामने वाढतात, आणि दोन हरलेला संघ तिसऱ्या सामन्याला निम्मेच खेळाडू पाठवतो.

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये (तिथला पारंपरिक मैदानी खेळ) याच दुखण्यावर गेल्या पंचवीस वर्षांत बरेच प्रयोग झालेत असं वाचलं. तिथेही लहान काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) आणि मोठी काउंटी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. त्यांना काय लागू पडलं, काय नाही, आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल? जाणकारांनी आकड्यांसह सांगावं.

अजिंक्यतारा

चांगला प्रश्न आहे, आणि तुलनाही योग्य आहे. गेलिक फुटबॉल हा हौशी खेळ. खेळाडूला पगार नाही, तो आपल्या काउंटीकडूनच खेळतो, संघांची खरेदी-विक्री नाही. म्हणजे आपल्या गावसंघासारखंच. त्यामुळे लोकसंख्येचा फरक थेट मैदानात दिसतो : २०२२ च्या जनगणनेत डब्लिनची वस्ती साडेचौदा लाखांच्या वर आणि लिट्रिमची ३५ हजारांच्या आसपास. दोघांना एकाच चषकासाठी उतरायचं.

आधी चार प्रांतांच्या स्पर्धा. मन्स्टर, लिन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट. कित्येक दशकं प्रांतात हरला की वर्ष संपलं, अगदी आपल्या बाद पद्धतीसारखं. २००१ मध्ये हरलेल्यांना ‘मागचं दार’ उघडलं, आणि पहिल्याच वर्षी गॉलवे आपल्या प्रांतात हरूनही देशाचा विजेता झाला. २०१८ आणि २०१९ ला शेवटी उरलेल्या आठ संघांचे दोन गट केले. २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे पुन्हा थेट बाद. २०२३ पासून तीन वर्षं १६ संघ, चार-चारचे चार गट. आणि २०२६ साठी गटच काढून टाकले.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०१५ ते २०२० सलग सहा वर्षं डब्लिन जिंकलं. त्या सहा वर्षांत मागचं दार होतं, आठांचे गट होते, थेट बादही होती. रचना तीन, विजेता एकच. म्हणजे रचना बदलून बलाढ्य संघ खाली येत नाही. ती अपेक्षा आधी मनातून काढा. रचनेनं ठरतं ते बाकीच्या १५ संघांच्या वाट्याला काय येतं : किती सामने, किती महत्त्वाचे सामने, आणि पुढच्या वर्षी यावंसं वाटेल असं काही.

त्या दृष्टीनं २०२३–२५ ची गटरचना का फसली ते बघा. गटातल्या चारपैकी तीन संघ पुढे जायचे. पहिला थेट उपांत्यपूर्व फेरीत, दुसरा-तिसरा एक जादा सामना खेळून. म्हणजे गटातले २४ सामने खेळवून बाहेर किती गेले? फक्त चार संघ. पहिला सामना हरला तरी कुणाला घाम फुटत नव्हता. प्रेक्षक हे लगेच ओळखतात. सगळे मिळून सामने ३५.

२०२६ ची रचना अशी : पहिल्या फेरीत १६ संघांचे ८ सामने. जिंकलेले आठ ‘२-अ’ मध्ये एकमेकांशी, हरलेले आठ ‘२-ब’ मध्ये एकमेकांशी. २-अ जिंकणारे चार थेट उपांत्यपूर्व फेरीत. २-ब हरणारे चार घरी. २-अ मध्ये हरलेले चार विरुद्ध २-ब जिंकलेले चार, ही तिसरी फेरी. त्यातले चार विजेते उपांत्यपूर्व फेरीत. पुढे नेहमीचं. ८+४+४+४+४+२+१ = २७ सामने. प्रत्येक संघाला किमान दोन, आणि गुणतक्त्याची गरजच नाही.

तुमच्या १६ संघांना हीच रचना बसते असं माझं स्पष्ट मत आहे. वेळापत्रक कसं बसवायचं ते पंचांनी सांगावं.

पंच_मिरज

वेळापत्रक बसतं, पण दुसऱ्या दिवशीच्या क्रमाकडे नीट लक्ष द्यावं लागेल. एका सामन्याला एक तास धरा. २०-२० मिनिटांचे दोन डाव, ५ मिनिटं मध्यंतर, उरलेली १५ मिनिटं टाइम-आउट, दुखापत, नाणेफेक आणि संघ मैदानात येण्यात जातात. पन्नास मिनिटांचा हिशेब करणारे आयोजक रात्री साडेअकराला उपांत्य सामना खेळवतात.

शुक्रवार : संध्याकाळी ५ ते ९, दोन मैदानांवर ८ सामने. पहिली फेरी संपली. जतचा संघ पाचच्या सामन्यात ठेवा, म्हणजे रात्रीचा परतीचा प्रवास जमतो.

शनिवार : हाच अवघड दिवस, १२ सामने. दुपारी साडेतीनला सुरू करावं लागेल. जानेवारीत ऊन सोसतं, मार्चमध्ये हे जमणार नाही. साडेतीन, साडेचार, साडेपाच, साडेसहा या चार वेळांना एका मैदानावर २-अ आणि दुसऱ्यावर २-ब. मग साडेसात आणि साडेआठला तिसऱ्या फेरीचे दोन-दोन सामने. साडेनऊला संपतं, अर्धा तास हाताशी राहतो.

रविवार : उपांत्यपूर्व ४, उपांत्य २, अंतिम १. चारला सुरुवात करून साडेनऊपर्यंत आरामात.

आता मुख्य गोम. जोड्या आंधळेपणानं लावल्या तर पहिल्या फेरीत भिडलेलेच दोन संघ तिसऱ्या फेरीत पुन्हा समोरासमोर येतात. ते टाळायला पहिल्या फेरीच्या सामन्यांना क, ख, ग, घ, च, छ, ज, झ अशी नावं द्या. शनिवारी साडेतीन आणि साडेचारला २-अ मध्ये क-ख आणि ग-घ चे विजेते खेळवा, पण त्याच वेळी २-ब मध्ये मात्र च-छ आणि ज-झ चे पराभूत. पुढच्या दोन वेळांना उलटं : २-अ मध्ये च-छ आणि ज-झ चे विजेते, २-ब मध्ये क-ख आणि ग-घ चे पराभूत. साडेसातची तिसरी फेरी पहिल्या दोन वेळांमधून भरते, साडेआठची नंतरच्या दोन वेळांमधून. त्यामुळे एकही जोडी पुन्हा जुळत नाही, आणि प्रत्येक संघाला दोन सामन्यांमध्ये किमान एक तास विश्रांती मिळते.

उपांत्यपूर्व फेरीतही हीच काळजी. क-ख चा २-अ विजेता अशा तिसऱ्या फेरीच्या विजेत्याशी लावा, जिथे ग-घ चा २-अ मधला पराभूत खेळला होता. ग-घ ला क-ख चा. च-छ आणि ज-झ चं तसंच. भाग्यपत्रिका (सामन्यांचा तक्ता) छापतानाच हे बाण काढून ठेवा, रात्री दहाला चार कप्तानांसमोर ठरवायला बसू नका.

पंच : प्रत्येक सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहायक गुणलेखक. दोन मैदानांना १२ जण एका वेळी. शनिवारी सलग सहा तास कुणालाच उभं करू नका, किमान १६ जणांची सोय हवी. मानधनाचा हिशेब १५ ऐवजी २७ सामन्यांचा होतो, हे वर्गणी काढण्याआधीच धरा.

खानापूर_घाट

वरचं सगळं पटलं, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, या रचनेत एक अन्याय आहे. सलग दोन सामने जिंकलेला संघ उपांत्यपूर्व फेरीत एकदाच हरला की बाहेर. आणि पहिला सामना हरलेला संघ तिथपर्यंत जिवंत. ही दुहेरी बाद पद्धत नाही, आणि बैठकीत कुणीतरी हे विचारणारच. उत्तर एवढंच की दोन्ही जिंकलेल्या संघाला शनिवारी दुसरा सामना खेळावा लागत नाही. कबड्डीत ही सवलत लहान नाही. साडेआठला तिसरी फेरी खेळलेल्या संघाचे कोपरारक्षक दुसऱ्या दिवशी चारला ताजे नसतात. म्हणून उपांत्यपूर्व फेरीत ही सवलत टिकेल याची काळजी घ्या, रविवारी सकाळी सामने ठेवून वाढवू मात्र नका.

दुसरी गोष्ट दुसऱ्या चषकाची. पहिले दोन्ही सामने हरलेले चार संघ शनिवारी तसेच घरी पाठवू नका. त्यांचा वेगळा चषक ठेवा. गेलिकमधले असे दोन प्रयोग बघा. २००४ ते २००८ टॉमी मर्फी चषक होता, तो मूळ धरलाच नाही. संघांना ती उरलीसुरली स्पर्धा वाटायची. २०२२ ला टाल्टेन चषक आला आणि तो टिकला. त्यात दोन गोष्टी आहेत : शेवटचे सामने डब्लिनच्या क्रोक पार्कवर, म्हणजे मुख्य स्पर्धेच्याच मैदानावर होतात, आणि विजेत्याला पुढच्या वर्षी मुख्य स्पर्धेच्या १६ मध्ये जागा पक्की. मीथनं २०२३ ला टाल्टेन जिंकला. २०२५ ला त्याच मीथनं लिन्स्टरमध्ये डब्लिनला हरवलं, पुढे केरी आणि गॉलवेलाही हरवून देशाच्या उपांत्य फेरीत पोचले. त्याआधी लिन्स्टर २०११ पासून सलग १४ वर्षं डब्लिनकडे होतं. २०२५ ला ते लाउथनं जिंकलं, १९५७ नंतर पहिल्यांदा.

तुमच्याकडे चार संघांचा हा चषक तीन सामन्यांचा. रविवारी दुपारी दोनला दोन्ही उपांत्य सामने दोन मैदानांवर एकदमच, आणि त्याचा अंतिम सामना मुख्य अंतिम सामन्याच्या लगेच आधी, त्याच मैदानावर, त्याच पाहुण्यांसमोर, भरल्या गर्दीत. विजेत्याला पुढच्या वर्षी नोंदणी शुल्क माफ आणि मानांकन. सकाळी दहाला रिकाम्या मैदानावर खेळवला तर तो पहिल्याच वर्षी मरेल.

आणि कडू वाटलं तरी लिहितो. रचना कितीही चांगली करा, बाहेरचे गडी आणायला मोकळीक असेल तर सगळं पाण्यात. आयर्लंडमध्ये लिट्रिमचा संघ हरतो, पण लिट्रिमचाच असतो. इथे एखादा संघ अंतिम फेरीसाठी मुंबई-पुण्याचे तीन खेळाडू उतरवतो आणि गावचा पोरगा पाण्याची बाटली घेऊन बसतो. १२ जणांची यादी शुक्रवारी चारच्या आत बंद करा. आधार कार्डावर त्या गावचा पत्ता किंवा गावातल्या शाळेचा दाखला. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या गावच्या मुलाला दाखल्यावर खेळू द्या. बाहेरचा जास्तीत जास्त एक, आणि तोही यादीत आधीच नोंदलेला. तुमचे ते चार संघ ‘फार पुढे’ का आहेत, याचं उत्तर यादी बंद केल्यावरच कळेल.

पलूसचा_चढाईपटू

मनापासून आभार सगळ्यांचे. यादीचा नियम बैठकीत मांडतोच. अजून तीन शंका : मानांकन किती संघांना द्यावं? बरोबरी झाली तर? आणि एक मैदान मॅटचं, एक मातीचं आहे, चालेल का? दोन मॅटचं भाडं झेपत नाही.

पंच_मिरज

मानांकन आठ संघांना. मागच्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत पोचलेले आठ वरच्या टोपीत, बाकीचे आठ खालच्या टोपीत, चिठ्ठ्या सर्वांसमोर. गेलिकमध्येही पहिल्या फेरीत प्रांतांच्या अंतिम फेरीत गेलेल्या आठ संघांना घरचं मैदान मिळतं. तुमच्याकडे घरचं मैदान नाही, पण वरच्या आठांची गाठ पहिल्याच दिवशी पडत नाही एवढा फायदा पुरे. चारच संघांना मानांकन दिलं तर पाचवा आणि सहावा संघ पहिल्या रात्री भिडू शकतात.

बरोबरीला पाच-पाच चढाया. दोन्ही संघांचे सात-सात खेळाडू आत, बाद-जिवंत काही नाही, फक्त गुण मोजायचे. निदान रेषाच बोनस रेषा धरायची. तरीही बरोबरी, तर सुवर्ण चढाई. दहा मिनिटं जातात, म्हणून शनिवारचा तो अर्धा तास राखून ठेवला आहे. नियम कप्तानांच्या बैठकीत शुक्रवारीच वाचून दाखवा. पाच चढाईपटूंची क्रमवार नावं आधी द्यावी लागतात हे गावच्या संघांना ऐन वेळी सांगितलं की वाद होतो.

मॅट आणि माती एकत्र चालेल, पण २-अ सगळं मॅटवर आणि २-ब सगळं मातीवर असं कदापि करू नका. मॅटवर बूट, मातीवर अनवाणी, पकडीची ताकद वेगळी लागते. मातीवर खेळून आलेला संघ मॅटवर पहिल्या पाच मिनिटांत घसरतो. दर तासाला अदलाबदल करा : साडेतीनला २-अ मॅटवर, साडेचारला मातीवर, असं. तिसऱ्या फेरीत मॅट कुणाला ते नाणेफेकीनं. उपांत्यपूर्व फेरीपासून सगळं मॅटवरच घ्या. एका मॅटवर चार, दोन आणि एक मिळून सात तास, त्यात दुसऱ्या चषकाचा अंतिम सामना धरला तर आठ. म्हणजे रविवारी दुपारी दीडला सुरुवात, आणि दुसऱ्या चषकाचे उपांत्य सामने त्याच वेळी मातीवर.

मातीला गुरुवारी संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवा. नंतर रोज सामने सुरू व्हायच्या दोन तास आधी हलका शिडकावा. सामन्याच्या तोंडावर पाणी मारलं की वरचा थर चिकट होतो आणि गुडघे जातात.

अजिंक्यतारा

गुणफरकाची भानगड या रचनेत येत नाही हा फायदाही ध्यानात घ्या. गटात संघ बरोबरीत आले की फरक मोजावा लागतो. कबड्डीत तो लोणमुळे भराभर फुगतो, आणि तो वाढवायला बलाढ्य संघ शेवटच्या मिनिटापर्यंत दुबळ्या संघावर लोण चढवत बसतो. इथे २० गुणांनी हरलात काय आणि एकानं हरलात काय, दुसऱ्या दिवशी २-ब मध्ये सगळे शून्यावरच. १५ गुणांची आघाडी घेतलेला कप्तान मग निवांत राखीव पोरांना उतरवतो, आणि त्या पोरांना मॅटवरचा अनुभव मिळतो.

पलूसचा_चढाईपटू

ठरलं. २७ अधिक ३, असे ३० सामने. भाग्यपत्रिका काढली की बाणांसकट इथेच टाकतो, पंच सर, एकदा डोळ्याखालून घाला.