कॅमेऱ्याला पट्टा तर दिसू द्या!

एआय कॅमेरे लागले की नागपुरात बर्डीवरचं (सीताबर्डी बाजारातलं) पार्किंग सुतासारखं सरळ होईल, असं म्हणतायत. होईल ना भाऊ, पण कॅमेरा करतो काय? नंबर प्लेट वाचतो, थोड्या वेळाने परत बघतो, गाडी तिथेच दिसली की चलान. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांवर एकसारख्या अक्षरांची प्लेट असते, ती तो वाचेलही. जुन्या प्लेटवर ४१४१ चा 'दादा' करून फिरणारे मात्र सुटतील, अन् सापडू आपण!

धरमपेठेत आत्याच्या घरासमोरचा नो-पार्किंगचा पिवळा पट्टा अर्धा नव्या डांबराखाली गेलाय. मागच्या महिन्यात मला तिथेच चलान आलं. फोटोत माझी स्कूटी स्पष्ट, आरशाला अडकवलेली भाजीची पिशवीसुद्धा दिसते. पट्टा तेवढा कुठेच नाही.